जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात

मला 'अनधिकृत' म्हणायला कंपनीला दोन महिने लागले. पत्र नानाजींच्या नावानं आलं, आणि नानाजी ते घेऊन थेट माझ्या दुकानात आले. एरवी ते आले की आधी रुमालानं बाकडं झटकतात, बसतात, आणि मी चहाचं विचारायची वाट बघतात. त्या दिवशी बसले नाहीत. कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "वाच."

मी वाचला. वाहनाच्या मागील शॉकअपला स्थानिक अनधिकृत मिस्त्रीने वेल्डिंग केले, त्यामुळे तो तुटला, त्यामुळे वाहनचालक महिला पडली, सबब कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. खाली सही आणि गोल शिक्का.

वाहनचालक महिला म्हणजे नानाजींची लेक सुरभी. आरोग्यसेविका आहे, उपकेंद्रात. दसऱ्याच्या चार दिवस आधी बेंबळ्याच्या कालव्याजवळच्या वळणावर तिची स्कूटर मागून खाली बसली, चाक जाम झालं आणि ती लसीच्या डब्यासकट गिट्टीवर आपटली. उजव्या मांडीचं हाड मोडलं. आत सळई आहे आता. आणि स्थानिक अनधिकृत मिस्त्री म्हणजे मी, बशीर. बाभुळगावात, यवतमाळ रोडवर, एकतीस वर्षं याच टिनाखाली बसलेला.

अनधिकृत! या तालुक्यात अशी गाडी दाखवा जिच्या पोटात माझा हात गेलेला नाही. किती नवरदेव माझ्या भरवशावर वेळेवर मांडवात पोचले. ज्यानं पत्र लिहिलं त्याला बाभुळगाव नकाशात बोट ठेवून दाखवता येणार नाही, आणि तो मला अनधिकृत म्हणतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी तेच म्हणालो, मोठ्यानं, दोनदा.

"त्यायले आपण उद्याच जाऊन भेटू," नानाजी म्हणाले. "पण बशीरभाई, एक सांग. वेल्डिंग तं तू केलतं ना?"

"केलतं."

"मंग?"

मी कागद घडी घालून त्यांना परत दिला. नानाजी जुना माणूस, त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

आता ही स्कूटर काय चीज आहे ते सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, नानाजींच्या वकिलानं मनाई केली आहे. आमच्याकडे तिला मैना म्हणतात, कारण तिचा हॉर्न चिवचिवतो. दिसायला गोंडस, निळी, पांढरी, लाल. दोन-तीन वर्षांपासून गावोगावी झाली आहे. तिला मागे एकच शॉकअप आहे, डाव्या बाजूला. त्याच्या खालच्या टोकाला लोखंडाचं एक कडं असतं, त्यातून बोल्ट जातो. मागच्या सगळ्या ओझ्याला तेवढं एक कडंच आधार. आणि ते कडं कच्चं आहे. हे मला पहिल्या मैनेतच कळलं होतं. दुसऱ्या मैनेत पक्कं झालं. नंतर सात आल्या, सगळ्यांचं कडं चीर जाऊन तिथेच तुटलेलं.

मी काय केलं? तो शॉकअप काढून टाकला, दुसऱ्या कंपनीचा जाड शॉकअप घेतला, लेथवर बुश कातून बसवला. सकाळी आलेली गाडी दुपारी रस्त्यावर. शोरूम यवतमाळात. तिथे गेलं की गाडी ठेवून जा, पार्ट मागवावा लागेल, पंधरा दिवसांनी फोन करा. कोण जाईल? सगळे माझ्याकडे यायचे. मी कंपनीला चार शिव्या घालायचो, गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो. मला त्यात मजा वाटत होती, हे खरं आहे.

माझ्या दुकानाची एक रीत आहे, वडिलांपासूनची. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. मिस्त्रीनं खरंच नवा टाकला की जुनाच पुसून बसवला, हा संशय नको. आणि गाडी परत देताना सीटवर एक थाप मारून मी म्हणतो, "जा, बिनधास्त." लोक त्या थापेसाठीसुद्धा येतात म्हटलं तरी चालेल.

सुरभीचं वेगळं झालं. ती आली पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी यवतमाळची सगळी दुकानं बंद, जाड शॉकअप मिळणार कुठून? दुसऱ्या दिवशी तिच्या तीन गावांत लसीकरण. "चाचा, कसंबी करा, पन गाडी पायजे," ती म्हणाली. कड्याला बाहेरून चीर दिसत होती. मी ती घासली, वेल्डिंग मारलं, ग्राइंडरनं गुळगुळीत केलं. सीटवर थाप मारली. बिनधास्त.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि नानाजी शोरूमला गेलो. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर हसणाऱ्या पोरीचा फोटो, ती मैनेवर बसलेली. अशी हसत आमच्या रस्त्यानं एक चक्कर मारून दाखव म्हणावं. मॅनेजरचं नाव सुनील. तिशीतला, गळ्यात पट्टा, बोलणं लोण्यासारखं. नानाजींना काका म्हणाला, मला चाचा, पाणी मागवलं.

"काका, ताईंबद्दल ऐकून खूप वाईट वाटलं. पण कंपनीचा रिपोर्ट क्लिअर आहे. बाहेर वेल्डिंग झालं की वॉरंटी संपते."

"वॉरंटी गेली चुलीत," मी म्हणालो. "कडंच खोटं हाये तुमचं. ते बोला."

त्यानं मान वाकडी करून कॉम्प्युटरकडे पाहिलं, दोन बटणं दाबली आणि पडदा आमच्याकडे वळवला. "चाचा, हे बघा. मागचा शॉकअप. पूर्ण जिल्हा. दोन वर्षं. एकूण तक्रारी, शून्य. पार्ट खराब असता तर एक तरी तक्रार आली असती ना?"

"शून्य?" माझा आवाज इतका चढला की पलीकडे गाडी बघणारं जोडपं थांबलं. "नऊ तं मीच बदलवले रे! नऊ! माह्या या हातानं!"

"बदलवले असतील," सुनील म्हणाला, अजूनही लोणीच. "पण ते तुमच्याकडे आले. आमच्याकडे कोणीच आलं नाही."

तो माझी थट्टा करत नव्हता. त्याला कळलंही नसेल तो काय बोलून गेला. मला कळलं. त्या पडद्यावरचं शून्य मी घडवलं होतं. नऊ वेळा कडं तुटलं, नऊ वेळा माणूस ओरडत कंपनीच्या दारात जायला हवा होता, आणि नऊही वेळा मी त्याला दुपारपर्यंत खूश करून घरी पाठवला. माझ्या हाताला यश आहे म्हणतात. त्या यशानं कंपनीची पाटी कोरी ठेवली होती.

"पोरीच्या गाडीचा तुटलेला पार्ट दाखवा," मी म्हणालो. ती पडल्यावर गाडी तपासणीला शोरूमनंच उचलून नेली होती.

"तो तपासणीच्या कस्टडीत आहे. परवानगी लागेल."

येताना नानाजींच्या मागे बसून मी शिव्या देत होतो. आधी सुनीलला, मग कंपनीला. यवतमाळची हद्द संपेपर्यंत दोघांच्याही संपल्या आणि माझा नंबर आला. बाभुळगाव येईपर्यंत मी स्वतःला इतकं काही बोललो की ते इथे लिहिता येणार नाही.

मला फार राग आला की मी दुकान आवरतो. इतर वेळी पान्याचा पत्ता नसतो, पण त्या दुपारी सगळे पाने आकड्याप्रमाणे खिळ्याला लागले, नट-बोल्टचे डबे लावून झाले, जमीनसुद्धा झाडली. सुग्राबी जेवायला बोलवायला आली, उंबऱ्यातच थांबली. बत्तीस वर्षांचा संसार, तिला झाडू बघूनच कळतं.

"किस पे इतना गुस्सा?"

मी सगळं सांगितलं. शून्यासकट. ती ऐकत ऐकत बाकड्यावर बसली.

"नऊ तुटले त्याचा पुरावा पायजे ना त्यायले?" ती म्हणाली. आम्ही घरात हिंदी बोलतो, पण भांडायचं असलं की ती मराठीवर येते. "तुमी जुना पार्ट हातात देता. त्या नऊ घरी असतीनच की ते."

"दोन वर्षांनी? कोन ठेवते भंगार?"

"अजी, फेंकते कहाँ हैं हमारे लोग?"

खरं होतं. आमच्याकडे लोखंड कोणी फेकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निघालो.

पहिली वच्छलाबाई. तिचा मुलगा मैनेवर दूध घालतो. घराच्या मागे बकऱ्यांचा गोठा, त्याच्या दाराला दोरी, दोरी कप्पीवरून गेलेली, आणि दोरीच्या टोकाला माझा शॉकअप लटकलेला. दार उघडून सोडलं की आपोआप बंद होत होतं.

"नेऊ नोको," ती म्हणाली. "मंग माहं दार कोन लावीन?"

मी पिशवीतून ब्रेकची जुनी लोखंडी चकती काढून वजनाला तिथे बांधली आणि शॉकअप सोडवला. तिथेच अंगणात बसून कडं रॉकेलनं धुतलं. लोखंड तुटलं की ते आपली कहाणी सांगतं, वाचता आली पाहिजे. एका झटक्यात तुटलेलं लोखंड सगळं चकाकतं. आधीपासून चीर असेल तर चिरेचा भाग काळा पडतो, त्यात तेल जातं, धूळ जाते, आणि शेवटी जेवढं तुटलं तेवढंच पांढरं दिसतं. वच्छलाबाईच्या कड्याचा अर्ध्याहून जास्त भाग काळा होता. गाडी घेतल्यापासून ते हळूहळू तुटत होतं आणि तिचा पोरगा दोन कॅन बांधून रोज त्यावर बसत होता.

मी तिला समजावून सांगितलं. तिनं बोटानं काळं चाचपलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे तुले पैलेच मालूम होतं?"

"अंदाज होता."

"अन् मले काहून नाई सांगतलं? माह्या लेकीच्या घरी हेच गाडी हाय. जावई दोन पोट्टे पुढं उभे करून फिरते." तिचा आवाज वाढत गेला. "मी इथं तुह्या नावानं दुवा देऊन राह्यली, का बशीरनं गाडी चांगली करून देल्ली. तुले वाटलं नाई का, का बाप्पा, अजून लोकायजवळ हेच गाडी हाय?"

मी मान खाली घातली. कंपनीला मी बोलत होतो तेच ती मला बोलत होती, आणि शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

दुसरा उकंडा. त्याच्या घरी शॉकअप टिनावर सापडला, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला. शिडी लावून मीच चढलो. तांड्यावर बसंतीबाई त्यानं मिरच्या कुटत होती. पार्ट धुताना माझे डोळे चुरचुरले आणि तिला हसू आवरेना, मी रडतोय असं तिला वाटलं. एकानं तो खुंटी म्हणून गोठ्यात ठोकला होता. एकाच्या घरी नातवानं स्प्रिंग खेळायला नेली होती, पण कडं कोपऱ्यात पडलेलं होतं. चार दिवस फिरलो. दोन पार्ट भंगारात गेले होते, सात मिळाले. सातही कड्यांना चीर एकाच जागी, आणि सातही ठिकाणी आधी काळं, मग पांढरं.

मी कोणाचाच पार्ट गोळा करून नेला नाही. प्रत्येकाला म्हणालो, "सोमवारी तुमी सोता याचं. पार्ट आपआपल्या हातात. तक्रार मालकाचीच चालते, मिस्त्र्याची नाई." काहींनी कुरकुर केली. कापूस वेचायचे दिवस, मजूर मिळत नाहीत, एक दिवस मोडतो. पण आले. वच्छलाबाई तर सगळ्यांच्या आधी बसस्टँडवर उभी होती.

सोमवारी त्या काचेच्या दारातून आम्ही नऊ जण आत शिरलो. सुनील उठून उभा राहिला. वच्छलाबाईनं पदराखालून शॉकअप काढला आणि त्याच्या टेबलावरच्या काचेवर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. मग उकंडा. मग बसंतीबाई, तिच्या पार्टवरून मिरचीची पूड सांडली आणि कॉम्प्युटरजवळचा पोरगा शिंकायला लागला.

"काका, असं टेबलवर..."

"लिहा," नानाजी म्हणाले.

"अं?"

"तुमच्या त्या शून्यात लिहा. एक, दोन, तीन. आमी हाओत इथं. पोच देल्ल्याबिगर जात नाई."

सुनीलनं दोनदा आत जाऊन फोन केला. परत आला तेव्हा लोणी वितळलेलं होतं. तो लिहायला बसला. नाव, गाव, गाडीचा नंबर, कुठे तुटलं. शिक्का मारून प्रत्येकाला कागद दिला. सात झाले. आठवी तक्रार सुरभीची, नानाजींनी द्यायची. तिथे तो अडला.

"काका, हे सात मी मान्य करतो, म्हणजे वर पाठवतो. पण ताईंची केस वेगळी आहे. तिथे वेल्डिंग आहे."

"मंग दाखव वेल्डिंग," मी म्हणालो. "आता दाखव. का अजून परवानगी लागते?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. तो आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला पार्ट घेऊन आला. वर चिठ्ठी लावलेली. त्यानं पिशवी उघडली, पेनच्या टोकानं दाखवलं. "हे बघा. वेल्डिंगच्या शेजारीच तुटलंय."

मी चष्मा लावला आणि पार्ट हातात घेतला. माझा वेल्डिंगचा टाका मी ओळखतो. तो शाबूत होता. गुळगुळीत, भरीव, जसा मी सोडला होता तसाच. जीव भांड्यात पडला. मग मी कडं उलटं केलं.

आतल्या बाजूला, जी बाजू चाकाकडे असते, तिथून ते तुटलं होतं. तिथेही अर्धं काळं. जुनी चीर. माझ्या वेल्डिंगच्या आधीची, कंपनीतून निघालेल्या त्याच कच्च्या लोखंडाची. पोळ्याच्या करीला ही चीर तिथेच होती, माझ्या हातापासून दोन बोटांवर. चाक काढलं असतं तर दिसली असती. मी चाक काढलं नव्हतं. सुरभी घड्याळ बघत उभी होती, मला बाहेरची चीर दिसली, ती मी बुजवली. वरून पक्कं झालं आणि आतून कच्चंच राहिलं.

"काय रे?" नानाजींनी विचारलं. "काय दिसते?"

सगळे थांबले होते. सुनीलसुद्धा. त्याला त्या काळ्या-पांढऱ्यातलं काही कळत नव्हतं, त्या खोलीत ते मला एकट्यालाच वाचता येत होतं.

"टाका शाबूत हाये," मी म्हणालो. "चीर जुनी हाये. कंपनीची."

खोटं नव्हतं त्यात काही. वच्छलाबाई "पाह्यलं?" म्हणून सुनीलवर ओरडली, उकंडानं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि सुनीलनं आठवी तक्रार लिहून घेतली. मला मात्र पाठीवरचा तो हात नको झाला होता.

कागद हातात आल्यावर सुनील पार्ट परत पिशवीत घालू लागला. मी त्याचं मनगट धरलं.

"तो पोरीचा हाये."

"चाचा, हा कस्टडीत..."

"आमच्या दुकानात जुना पार्ट गिऱ्हाइकाले वापस देतात," मी म्हणालो. "आमी अनधिकृत असून देतो. तुमी तं अधिकृत हाओ."

वच्छलाबाई तिथल्या चकाचक फरशीवर मांडी घालून बसली. "पोट्टीचा पार्ट भेटत नाई तोवर मी उठत नाई. बकऱ्यायले पाहाले सून हाय घरी." मग बसंतीबाई बसली. मग सगळेच. अर्ध्या तासात वरून फोन आला, फोटो काढले, नानाजींची सही घेतली आणि पार्ट मिळाला.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी चहा घेतला. मी नानाजींना बाजूला घेतलं आणि आतल्या बाजूचं सांगितलं. 

"हे तिथं बोलला नाई ते बरं केलं," ते म्हणाले. "आता कायले हात दाखवून अवलक्षण? केस मजबूत हाये. वकील पाहून घेईन."

"सुरभीले सांगा लागते, नानाजी."

"काहून? तिचं हाड त्यानं लवकर जुळते का?" त्यांनी कप खाली आपटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले, आणि चिडले कशावर, तर मी खरं बोलतोय म्हणून. मग स्वतःच म्हणाले, "जा. तूच सांग. माह्याच्यानं होत नाई."

सुरभी ओसरीत खाटेवर बसली होती, पाय उशीवर. शेजारी वॉकर. मांडीवर उपकेंद्राचं रजिस्टर, घरी बसूनही नोंदी करत होती. मी संत्र्यांची पिशवी ठेवली. दोन महिने दर शुक्रवारी नमाज झाली की मी तिच्याकडे संत्री घेऊन जात होतो.

"झाली का तक्रार?"

"झाली. आठ." मी खाली पायरीवर बसलो.

तिनं रजिस्टर मिटलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि ती जे बोलली त्यासाठी मी तयार नव्हतो. "म्हंजे माही चूक नोती ना, चाचा? मी सारखी विचार करून राह्यली. वळणावर ब्रेक उशिरा दाबला का मीनं. ऑफिसमंधे बी म्हणून राह्यले, का ताई गाडी लय जोरात चालोतात. मले तं खरंच वाटाले लागलं होतं."

दोन महिने ही पोरगी त्या खाटेवर स्वतःला दोषी धरून बसली होती. आणि मी संत्री आणत होतो.

मी पार्ट काढला आणि तिच्या हातात दिला. आधी टाका दाखवला. मग उलटा करून आतली बाजू दाखवली. काळं म्हणजे काय, पांढरं म्हणजे काय, सगळं सांगितलं. "कडं कंपनीनं कच्चं देल्लं. त्यायले सोडाचं नाई. पन त्या दिवशी चाक काढलं असतं तं मले हे दिसलं असतं. मी चाक काढलं नाई. कंपनीनं कच्चं देल्लं, अन् मी तुले पक्कं म्हून देल्लं."

 आतल्या काळ्या भागावरून तिनं नख फिरवलं.

"तुमाले आजच समजलं?"

"पार्ट आज पाह्यला."

"मी ते नाई विचारलं." तिनं मान वर केली. "संशय होता का?"

"होता," मी म्हणालो. "तू पडली त्या दिवसापासून."

"अन् दोन महिने तुमी इथं येऊन बसून राह्यले." तिचा आवाज कापत होता, रडण्यानं नाही, रागानं. "मी तुमच्या पुढं म्हणत होती, चाचा, माहाच ब्रेक चुकला. तुमी ऐकत होते. एक डाव तरी म्हणाचं होतं ना, का बेटा, चाक काढलं नोतं. एक डाव!"

  कंपनीला लाज नाही असं मी एकतीस वर्षांच्या जोरावर गावभर ओरडत होतो. मला होती, म्हणूनच मी गप्प बसलो होतो, आणि माझ्या त्या लाजेचा त्रास या पोरीनं सोसला.

तिनं पार्ट उशीखाली ठेवला. "हा माह्यापाशी राहीन. ग्राहक मंचात मी सोता जाईन, वॉकर घेऊन. मीच दाखवीन."

"दाखव."

"दोन्ही बाजू दाखवीन, चाचा."

"मी येतो संग," मी म्हणालो. "आतली बाजू मी सोता वाचून दाखवीन. लिहून घेतीन ते."

तिनं पाय उशीवर नीट केला. रजिस्टर उघडलं, पेन उचललं, लिहायला लागली. मी उठलो, चपला घातल्या. सवयीनं माझा हात खाटेच्या काठावर थाप मारायला उचलला गेला होता.

"अन् चाचा," ती रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाली, "आता कोनाले बिनधास्त म्हणू नोका."

शब्द माझ्या ओठांवरच होता. मी तो गिळला आणि पायऱ्या उतरलो.